लॉगआउट केल्यावर मागे काय उरतं?

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षातली गोष्ट. विभागाच्या सामायिक लिनक्स सर्व्हरवर मी एक सिम्युलेशन लावलं होतं, सुमारे १४ तासांचं. नीट सुरू झालंय हे पाहिलं, लॅपटॉप मिटला आणि बस पकडली. सकाळी निकालाची फाइल उघडली तर त्यात पहिल्या तासाभराचेच आकडे! सर्व्हर बंद पडला नव्हता, प्रोग्राममध्ये चूक नव्हती. माझी जोडणी तुटली, त्यावरून सर्व्हरने एवढंच ताडलं की बाई घरी गेल्या, आता यांचं काम थांबवायला हरकत नाही. आणि गाइडबरोबरची मीटिंग त्याच दुपारी होती.

असं का झालं? तुम्ही लॉगिन करता तेव्हा पासवर्ड जुळला की तुमच्या नावाचं काम जवळजवळ संपतं. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नेलला, तुम्ही फक्त एक आकडा असता. घरच्या लॅपटॉपवर उबुंटू असेल तर बहुधा १०००. तुम्हाला एक शेल मिळतं, त्यातून सुरू केलेल्या प्रत्येक प्रोसेसवर तोच आकडा चिकटतो, आणि एका टर्मिनलवरच्या अशा सगळ्या प्रोसेस मिळून एक सेशन बनतं.

टर्मिनल तुटलं की कर्नेल त्या सेशनला ‘सिगहप’ नावाचा संदेश पाठवतं. यातलं ‘हप’ म्हणजे ‘हँग अप’, फोन खाली ठेवणे. युनिक्सच्या सुरुवातीच्या काळात माणसं टेलिफोनच्या तारेवरून मोडेम लावून संगणकाशी जोडली जात. लाइन कटली म्हणजे माणूस गेला. त्या काळी संगणकाचा वेळ महाग, तेव्हा त्याचं काम थांबवणंच शहाणपणाचं. तारा गेल्या, मोडेम गेले, संदेश राहिला. प्रोग्रामने वेगळं काही ठरवलं नसेल तर तो मिळताच प्रोसेस मरते.

यावरचा जुना उपाय म्हणजे ‘नोहप’ ही आज्ञा. ती पुढे लिहून प्रोग्राम सुरू केला की तो या संदेशाकडे कानाडोळा करतो. मी मात्र ‘टीमक्स’ वापरते. त्यात तुमचं टर्मिनल सर्व्हरवरच राहतं, तुम्ही फक्त त्याला येऊन जोडले जाता. कंट्रोल-बी आणि मग डी दाबून निघून जा, उद्या दुसऱ्या देशातून परत जोडा, काम चालूच.

पुढे त्याच सर्व्हरची देखभाल माझ्या गळ्यात पडली, आणि मग दुसरी बाजू दिसली. एक सहकारी नोकरी बदलून केव्हाच गेला होता, पण त्याचा प्रोग्राम निम्मी मेमरी अडवून बसला होता. घराला कुलूप लावून गावी जावं आणि पाण्याची मोटर चालूच राहावी, तसं. अशा पोरक्या झालेल्या प्रोसेसना लिनक्समध्ये सहसा १ क्रमांकाची प्रोसेस दत्तक घेते. ती त्यांना मारत नाही, नुसती सांभाळते.

हा वाद २०१६ साली चव्हाट्यावर आला. आज बहुतेक लिनक्समध्ये ती १ क्रमांकाची प्रोसेस म्हणजे ‘सिस्टमडी’. तिच्या २३० व्या आवृत्तीने मूळ सेटिंगच बदललं: लॉगआउट झालं की त्या सेशनमधलं सगळं मारायचं. ‘नोहप’ असो वा ‘टीमक्स’, कुणाला सूट नाही. पूर्वी प्रोसेस दोनदा फांदी फोडून निसटू शकायची. आता सिस्टमडी प्रत्येक सेशनच्या प्रोसेस एका ‘सीग्रुप’मध्ये ठेवते, आणि त्यांची पिल्लंही त्यातच जन्मतात. लोक खवळले. डेबियनने आपल्या पॅकेजमध्ये जुनंच वागणं परत आणलं. ज्याला खरोखर मागे काही चालू ठेवायचंय त्याच्यासाठी ‘लिंगर’ नावाची परवानगी आहे, ती खात्यागणिक द्यावी लागते.

तत्त्व म्हणून मला सिस्टमडीवाल्यांचं पटतं: मागे राहायचं असेल तर तसं सांगून राहावं. पण लाखो लोकांच्या वर्षानुवर्षांच्या सवयी एका अपडेटमध्ये मोडणं, हे नाही पटत. रात्रभराचं काम गमावलेल्या माणसाला तत्त्व ऐकवून काय उपयोग?

तुमच्याकडे लिनक्स असेल तर ‘लॉगिनसीटीएल’ ही आज्ञा देऊन बघा, कोणकोणती सेशन्स चालू आहेत याची यादी येते. मी परवा आमच्या सर्व्हरवर दिली. सगळ्यात जुनं सेशन माझंच निघालं, मार्चपासून उघडं.