जुन्या इंजिनाचे फेरे किती ठेवावेत?



दिघी, बोर्ली पंचतन, दिवेआगर या आपल्या पट्ट्यात नारळ-सुपारीच्या वाड्यांचे शिंपणे आता बहुतेक विजेच्या पंपावर होते. पण ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आले, विजेचे खांब आडवे झाले, आणि खोपीत पडलेल्या जुन्या डिझेल इंजिनाची किंमत सर्वांना कळली. असे एखादे इंजिन चालू स्थितीत ठेवणे शहाणपणाचेच आहे. मात्र ते कारखान्यातून आले तसे क्वचितच राहिलेले असते. सिलिंडर बोअर केलेला, पिस्टन दुसराच, गव्हर्नरची स्प्रिंग बदललेली. वर मिस्त्री म्हणतो, "दादा, स्प्रिंग जरा ताणतो, पाणी धो धो येईल."

पाणी वाढते, हे खरे आहे. पण काय मोबदल्यात वाढते ते पाहू.

इंजिनावर पत्र्याची पाटी असते. तीवर मिनिटाचे फेरे लिहिलेले असतात. जुन्या मंदगती लिस्टर पद्धतीच्या ६ अश्वशक्तीच्या इंजिनाला ६५०, तर पुष्कळ ठिकाणी दिसणाऱ्या ५ अश्वशक्तीच्या वेगवान इंजिनाला १५००. मिनिटाला १५०० म्हणजे सेकंदाला २५ फेरे. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन दोनदा थांबून उलटा फिरतो, म्हणजे सेकंदाला ५० वेळा. हा हिसका कनेक्टिंग रॉड आणि त्याचे बोल्ट सोसतात. फेरे वाढले की हिसका त्याच प्रमाणात वाढत नाही, वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १५०० चे १८०० केले तर फेरे २० टक्क्यांनी वाढले, पण बोल्टवरचा ताण ४४ टक्क्यांनी. बोल्ट तुटला तर रॉड क्रँककेस फोडून बाहेर येतो.

पंपाचा हिशोब याहून कडक आहे. सेंट्रिफ्युगल पंपाचे फेरे २० टक्क्यांनी वाढले तर पाणी साधारण तेवढेच वाढते, पण लागणारी शक्ती सुमारे ७३ टक्क्यांनी वाढते. पूर्ण भारावर चाललेल्या ५ अश्वशक्तीच्या इंजिनाकडे आपण साडेआठ मागतो. ते देणार कुठून? काळा धूर निघतो, डिझेल जळते, पाणी हवे तितके येत नाही. मग मिस्त्री पंपाचे डिझेल आणखी सोडतो. इथून इंजिनाचे आयुष्य संपायला लागते.

सर्वांत मोठा धोका फ्लायव्हीलचा. बिडाच्या चाकाची कड सेकंदाला ३० मीटरच्या वर पळू देऊ नये, असा यंत्रशाळेतला जुना ठोकताळा आहे. दोन फूट व्यासाचे चाक ६५० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे २१ मीटर पळते. तेच १००० फेऱ्यांवर गेले तर ३२ होतात, म्हणजे मर्यादा ओलांडलीच. आणि मंद इंजिनाचे असे चाक काढून १५०० च्या इंजिनावर बसवले तर ४८! असे चाक फुटले तर तुकडे बंदुकीच्या गोळीसारखे सुटतात. तडा गेलेले, वेल्डिंग केलेले चाक वापरूच नये, मग ते कितीही स्वस्तात मिळो.

तेव्हा पाटीवरचा आकडा ही वरची हद्द समजावी. फेरफार केलेल्या इंजिनाची हद्द त्याहून खालीच येते. वरखाली होणारे भाग, म्हणजे पिस्टन वगैरे, मूळच्यापेक्षा १० टक्के जड बसवले असतील तर ताण तेवढाच राखायला १५०० चे १४३० करावे लागतात.

फेरे मोजायचे कसे? मिस्त्रीकडे टॅकोमीटर असेल तर उत्तम. नसेल तर सपाट पट्ट्यावर चुन्याची ठळक खूण करा. पट्टा २० फूट, म्हणजे २४० इंच लांब आणि इंजिनाची पुली ८ इंच व्यासाची आहे असे धरू. पुलीचा घेर सुमारे २५ इंच. पंपात पाणी भरून, डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून इंजिन चालवा, म्हणजे भार कमी राहतो. मात्र असे दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका. एकाने घड्याळ धरावे, दुसऱ्याने खूण मोजावी. अर्ध्या मिनिटात ७८ वेळा खूण गेली तर मिनिटाला १५६. त्याला २४० ने गुणून २५ ने भागा: जवळजवळ १५०० फेरे. कमी भारावर फेरे थोडे जास्त दिसणारच, पण १५०० च्या इंजिनाचे १६०० च्या वर, म्हणजे अर्ध्या मिनिटात ८४ खुणांच्या वर, जाऊ देऊ नका. मोजताना धोतर, पदर, उपरणे पट्ट्यापासून लांब ठेवा.

इंजिन गरम झाल्यावर गव्हर्नरचा स्क्रू थोडा थोडा फिरवून ही हद्द लावा, लॉकनट आवळा, तारेने बांधून त्यावर रंगाचा ठिपका द्या. ठिपका फुटला की कोणीतरी हात घातला हे कळते. पाणी कमीच वाटले तर आधी फूट व्हॉल्व्ह, सक्शनची गळती आणि झिजलेला इंपेलर तपासा. बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो.

पॉवर टिलरवाल्यांनी एक गोष्ट वेगळी ध्यानात ठेवावी. गव्हर्नर फक्त डिझेल कमी करतो. उतारावर चाकेच इंजिनाला ढकलतात, तिथे त्याचे काही चालत नाही. भर वेगात खालचा गिअर घातला आणि दोन गिअरांत १.८ पटींचा फरक असला, तर १५०० चे एकदम २७०० होतात. म्हणून उतार लागण्यापूर्वी टिलर थांबवून खालचा गिअर घ्या. वरचा गिअर घेतानाही इंजिन किंचाळेपर्यंत थांबू नका. हद्दीच्या वर ताकद वाढत नाही, झीज वाढते.

आपल्याकडे खाऱ्या वाऱ्याने डिझेल पंपाचा रॅक आणि गव्हर्नरची कांडी गंजून अडकते, आणि अडकलेला रॅक इंजिन सुसाट सोडतो. महिनोन् महिने उभे असलेले इंजिन सुरू करण्यापूर्वी कांडी बोटाने सरकवून पाहा, तेल द्या. तरीही सुसाट सुटलेच तर चाकाच्या रेषेत उभे राहू नका. बाजूने जाऊन आधी डिझेल बंद करा, आणि तेवढ्याने थांबले नाही तर हवेच्या तोंडावर लाकडी फळी घट्ट दाबा. हात किंवा फडके लावू नका. अशी एक फळी खोपीत इंजिनाजवळच टांगून ठेवावी.