तोडा चांदीचा की गिलटाचा?

आळंदकडच्या एका शेतकऱ्याला नांगरटीत एक काळवंडलेला तोडा सापडला. "फादर, काळा म्हणजे खोटाच ना?" असे त्याने आम्हांस विचारले.

काळेपणावरून निवाडा करू नये. खरी चांदीही हवेतील गंधकाने काळवंडते. बिदरच्या किल्ल्यातील माती नवसागरासह बिदरी भांड्यास लावली असता जस्त-तांब्याचा मिश्रधातू तेवढा काळा होतो, चांदीची नक्षी शुभ्रच राहते. (ही माती दागिन्यावर घासून मात्र पाहू नये!) लोहचुंबकही अपुराच, तांबे, निकेल व जस्त यांचे जर्मन सिल्व्हर, ज्यात चांदीचा कणही नसतो, त्यास चिकटत नाही.

पाण्याची कसोटी बरी. दागिना आधी तसाच तोलावा, मग दोऱ्याने टांगून पाण्यात पूर्ण बुडवून तोलावा. १०५ ग्रॅम शुद्ध चांदी पाण्यात १० ग्रॅम हलकी भरते; तेवढेच जर्मन सिल्व्हर सुमारे १२ ग्रॅम. दागिना पोकळ किंवा आत लाख भरलेला असल्यास हा हिशेब फसतो. मग सराफाकडेच जावे.

हा भरीव तोडा १५४ ग्रॅम भरला, पाण्यात १५ ग्रॅम हलका झाला. थोडे तांबे मिसळलेली, पण चांदीच! शेतकरी हरखला, मोडीचा भाव विचारू लागला. भूमिगत धनाविषयी कर्नाटकात १९६२ चा कायदा असून सरकारदरबारी वर्दी द्यावी लागते, हे आम्ही सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. मग तोडा पटक्याच्या शेवात बांधून त्याने तहसील कचेरीची वेळ विचारली.