घरच्या लॅबला सर्व्हर कशाला?

चेन्नईत पेरुंगुडीच्या ओएमआरवर नोकरीला आलेल्या मराठी पोरापोरींना व्हर्च्युअलायझेशनचा सराव घरी करावासा वाटला, की बहुतेकांची नजर आधी जुन्या रॅक सर्व्हरकडे जाते. ऑफिसात तेच पाहिलेलं असतं. त्यात डेलचा आर710 वगैरे भंगाराच्या भावात मिळतो, मग स्वस्तात मस्त काम झालं असं वाटतं.

हा सौदा महागात पडतो तो विजेच्या बिलात. असा 2009 च्या पिढीचा, दोन प्रोसेसरांचा सर्व्हर काहीही काम न करता 150 वॅट सहज ओढतो. तमिळनाडूत घरगुती बिल दोन महिन्यांनी येतं आणि पहिली 100 युनिट माफ असतात. हा सर्व्हर रात्रंदिवस चालू ठेवला तर दोन महिन्यांत 216 युनिट खातो, म्हणजे माफीची सगळी युनिट एकटाच गिळून बिलही वरच्या स्लॅबकडे ढकलतो. शिवाय ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच खोलीत उतरते. चेन्नईच्या मे महिन्यात ती बाहेर काढायला एसी, आणि एसीला पुन्हा वीज. पंख्यांचा आवाज तर वन-बीएचकेत झोपणाऱ्यानेच सांगावा.

मग घ्यायचं काय? कंपन्यांनी लीज संपल्यावर काढून टाकलेले छोटे डेस्कटॉप: डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोव्होचा थिंकसेंटर टायनी, एचपीचा एलिटडेस्क मिनी. रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात किंवा ऑनलाइन जुन्या मालात हे शोधावेत. ‘ही तर रिसेप्शनवरची मशिनं, यांवर व्हीएम काय चालणार,’ असं लोक म्हणतात. पण 2018 च्या आय5-8500टी मध्ये सहा कोअर आहेत, व्हर्च्युअलायझेशनसाठीचे व्हीटी-एक्स आणि व्हीटी-डी दोन्ही आहेत, आणि रिकामं असताना असं मशीन साधारण 10 ते 15 वॅटवर भागवतं. 12 वॅट धरले तर दोन महिन्यांची जेमतेम 17 युनिट. व्हीएम सुरूच होत नसेल तर दोष बहुधा मशीनचा नसतो, बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशनचा पर्याय बंद असतो. व्हीप्रो असलेलं मॉडेल मिळालं तर मॉनिटर न जोडता दुसऱ्या खोलीतून बायोसपर्यंत पोचता येतं. सर्व्हरचं जे एक सुख खरंच हवंहवंसं असतं, तेही असं मिळून जातं.

कोअर मोजत बसणं हा दुसरा घोळ. लॅबमधल्या व्हीएम बहुतेक वेळ नुसत्या बसून असतात, त्यामुळे चार कोअरवर दहा व्हीएमही नांदतात. रॅमचं तसं नाही, ती आधी संपते. म्हणून आठ जीबीच्या नव्या चकचकीत मशीनपेक्षा 32 जीबीचं जुनं बरं. 2025 च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, तेव्हापासून रॅमसकट मिळणारं मशीनच बघावं. एन100 चे नवे मिनी पीसी विजेला फारच काटकसरी आहेत, पण इंटेल त्यांची अधिकृत मर्यादा 16 जीबीच सांगते. दोन-तीन सर्व्हिस चालवायच्या असतील तर उत्तम, क्लस्टर शिकायला अपुरे.

क्लस्टरसाठी तीन मशिनं लागतात, हेही पूर्ण खरं नाही. नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन चालू करून एकाच डब्यात प्रॉक्समॉक्स या मोफत हायपरव्हायझरचे तीन नोड उभे करता येतात. वेग नाही मिळत, शिकणं मात्र होतं. रास्पबेरी पाय यासाठी घेऊ नये. तो एआरएम आहे, त्यावर विंडोज सर्व्हरसारख्या एक्स86 व्हीएम रखडतच चालणार.

‘व्हीएमवेअरचा ईएसएक्सआय हायपरव्हायझर आता फुकट नाही’ हे 2024 च्या फेब्रुवारीत खरं होतं. व्हीएमवेअरच्या मालक ब्रॉडकॉमने 2025 च्या एप्रिलमध्ये मोफत आवृत्ती परत आणली. तिला रिअलटेकचं नेटवर्क कार्ड मात्र सहसा ओळखता येत नाही, इंटेलचं बघून घ्या. प्रॉक्समॉक्सला त्याचं काही वाटत नाही. झेडएफएस फाइल सिस्टमला ईसीसी रॅम हवीच, हाही असाच पसरलेला समज. असली तर चांगली, नसली म्हणून झेडएफएस अडत नाही. बॅकअप मात्र दुसऱ्या डिस्कवर हवाच.

राहिला वीज जाण्याचा प्रश्न. घरी इन्व्हर्टर आहे म्हणजे झालं, असं नाही. साध्या मोडमध्ये तो बॅटरीवर यायला जो क्षण लावतो, तेवढ्यात मशीन रीस्टार्ट होऊ शकतं. अनेक इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते दाबून बघा. आणि जुनं मशीन घेताना दुकानातच बायोस उघडून पाहा. मागच्या कंपनीचा पासवर्ड तसाच असेल तर घेऊ नका.