अणूंचे थर तिरके ठेवले तर काय होतं? कुलाब्यातला प्रयोग समजून घ्या

नवी मुंबई : खिडकीच्या डासांच्या जाळीवर तशीच दुसरी जाळी ४५ अंशांत फिरवून धरा. कितीही लांब गेलात तरी दोन्हींची चौकट न् चौकट पुन्हा जुळत नाही. अणूंच्या थरांचंही तसंच.

प्रयोग काय होता?
कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. मंदार देशमुख यांच्या गटाने अतिवाहक, म्हणजे विनारोध वीज वाहून नेणाऱ्या स्फटिकाचे पातळ पापुद्रे एकमेकांवर तिरके ठेवले. या स्फटिकात बिस्मथ, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम, तांबं आणि ऑक्सिजन असतो. अगदी कमी चुंबकीय क्षेत्र देताच हा सांधा एका दिशेने जास्त आणि उलट दिशेने कमी वीज विनारोध वाहू देऊ लागला. म्हणजेच तो डायोड झाला. ४५ अंशांवर हा फरक सर्वाधिक होता. २०२४ मध्ये हे संशोधन ‘नेचर मटेरियल्स’मध्ये प्रसिद्ध झालं.

फायदा काय?
आधीचे असे डायोड उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास चालत. तेवढ्या थंडीसाठी महागडा द्रव हेलियम लागतो. हा डायोड उणे १९६ अंशांवरही चालला. त्याला हवेपासून बनणारा स्वस्त द्रव नायट्रोजन पुरतो. क्वांटम संगणकासाठी तो उपयोगी ठरू शकतो; पण तो अजून प्रयोगशाळेतच आहे.