देवळीच्या ओट्यावर आफ्रिकेचा चषक

फुटबॉलच्या मोठ्या स्पर्धेत चार-चार संघांचे जे गट पाडतात, ते मला नेहमी लग्नघरच्या पंगतीसारखे वाटत आले आहेत. पंगतीत शेजारी कोण येऊन बसेल, हे आपल्या हाती नसते. डावीकडे लक्षाधीश बसतो, उजवीकडे कालच नोकरीस लागलेला कारकून बसतो आणि समोर नेमका तो गृहस्थ येतो, ज्याचे आणि आपले वीस वर्षांपूर्वी बिनसलेले असते. वाढप्याला यातले काहीच ठाऊक नसते. त्याच्या लेखी सगळी पाने सारखीच!

आफ्रिकेतील राष्ट्रांच्या चषकासाठी अशी एक पंगत २०२५ च्या डिसेंबरात मोरोक्को देशात बसली. पाने चोवीस, रांगा सहा. कोणी कोठे बसावे याच्या चिठ्ठ्या २७ जानेवारी २०२५ रोजी रबात शहरी निघाल्या आणि ‘ब’ गटात चार नावे शेजारी-शेजारी आली: इजिप्त, दक्षिण आफ्रिका, अंगोला आणि झिंबाब्वे. प्रत्येकाने उरलेल्या तिघांशी एकेकदा खेळावयाचे, पहिल्या दोघांनी पुढे जावयाचे आणि सहाही गटांतील तिसऱ्या क्रमांकाच्या संघांपैकी जे चार बरे ठरतील त्यांनाही पुढचे दार उघडावयाचे, असा नियम होता.

आता देवळीचा आणि या प्रकरणाचा संबंध काय, असे आपण विचाराल. आमच्या शेजारच्या कापसाच्या अडत्यांनीही तेच विचारले. “काऊन मास्तर, आपल्या गावात कुस्त्या काय कमी हायेत, का तुम्ही आफ्रिकेची काळजी करून राह्यले?” प्रश्न रास्त होता. वर्ध्याहून यवतमाळला जाणाऱ्या रस्त्यावरची ही आमची देवळी. येथे ओट्यावर गोष्टी निघतात त्या कापसाच्या भावाच्या, नाहीतर कुस्तीच्या. परंतु नाताळच्या सुटीत नागपूरचा नातू आला होता आणि फुटबॉलवाचून त्याला दुसरे काही सुचत नव्हते. त्याचा प्रश्न निराळाच होता. “आजोबा, ह्या चारांत आपण कोणाकडून?”

क्रिकेटमध्ये हा प्रश्न पडत नाही. आपला संघ मैदानात असतो, आपण त्याच्याकडून. पण जेथे आपले कोणीच नाही, तेथे बाजू कशी निवडावी? जो जिंकेलसा वाटतो त्याची? मी आयुष्यभर भूगोल शिकविला. मी म्हटले, “सोयरीक करण्याआधी लोक घर पाहून येतात. आपणही चार घरे पाहून येऊ आणि मग ठरवू.” नकाशा ओट्यावर पसरला आणि चार संध्याकाळी आम्ही चार देश हिंडलो.

पहिले घर श्रीमंताचे, म्हणजे इजिप्तचे. हे नाव ऐकताच अडत्यांचा चेहरा खुलला. इजिप्तचा लांब धाग्याचा कापूस कोणत्या अडत्याला ठाऊक नाही? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा इंग्रज व्यापाऱ्यांची नजर इजिप्तकडे आणि आपल्या वऱ्हाड-हिंगणघाटाकडे एकाच वेळी वळली होती. म्हणजे नाईलकाठचा शेतकरी आणि वर्धाकाठचा शेतकरी एका बाजारभावाने सुखावले आणि एकाच बाजारभावाने बुडाले.

फुटबॉलात मात्र इजिप्त कधी बुडाला नाही. हा चषक त्याने सात वेळा नेला आहे: १९५७, १९५९, १९८६, १९९८, २००६, २००८ आणि २०१०. इतक्या वेळा तो दुसऱ्या कोणालाच साधलेला नाही. जगाच्या चषकात खेळलेला आफ्रिकेतील पहिला संघही त्याचाच, १९३४ सालचा. १९९८ आणि २००६ मधील विजयी संघांतून खेळलेले होसाम हसन हे २०२५ मध्ये त्यांचे प्रशिक्षक होते आणि कर्णधार होता मोहम्मद सालाह. हा नाग्रिग नावाच्या खेड्यातला मुलगा. लहानपणी सरावासाठी बसगाड्या बदलत कित्येक तास प्रवास करून कैरो गाठावयाचा आणि तसाच रात्री परत यावयाचा. आमच्या तालुक्यातून रोज एस.टी.ने वर्ध्याला कॉलेजात जाणाऱ्या मुलांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. जगात एवढे नाव कमावूनही सालाहच्या हाती हा चषक आलेला नव्हता. तो दोनदा अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि दोन्ही वेळा हरला. २०१७ मध्ये कॅमेरूनने आणि २०२२ च्या फेब्रुवारीत सेनेगालने पेनल्टीवर घास हिरावून घेतला. श्रीमंताच्या घरीही एखादी उणीव असते ती अशी.

दुसरे घर अंगोलाचे. हे नाव ऐकून ओट्यावर कोणाचाच चेहरा खुलला नाही. मग मी गोव्याचे नाव काढले. गोव्यावर जे पोर्तुगीज होते तेच अंगोलावर. १९६१ च्या प्रारंभी अंगोलात त्यांच्याविरुद्ध बंड पेटले आणि त्याच वर्षी १९ डिसेंबरला आपला गोवा मोकळा झाला. अंगोलाला मात्र ११ नोव्हेंबर १९७५ पर्यंत वाट पाहावी लागली. आणि स्वातंत्र्याबरोबरच घरात भाऊबंदकी सुरू झाली, ती २००२ पर्यंत चालली. सत्तावीस वर्षे! त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, २००६ मध्ये, हा देश जगाच्या चषकात जाऊन उभा राहिला आणि पहिलाच सामना पडला तो जुना धनी पोर्तुगालशी. एक गोल खाऊन हरला, पण पुढे मेक्सिको आणि इराण यांच्याशी बरोबरी करून परतला.

या संघाला लोक ‘पलांकास नेग्रास’ म्हणतात. लांब बाकदार शिंगांचे हे काळे हरिण अंगोलाखेरीज कोठे आढळत नाही. युद्धाच्या धामधुमीत ते नामशेष झाले असावे अशी भीती होती. युद्ध संपल्यावर पुन्हा सापडले. संघालाही हेच नाव का शोभते, हे वेगळे सांगावयास नको. २०२५ च्या चषकासाठी पात्रता फेरी झाली तेव्हा, चार वेळा चषक जिंकलेल्या घानाला अंगोलाने २०२४ च्या सप्टेंबरात त्याच्याच कुमासी शहरात हरविले. अंगोला पुढे गेला. घाना घरी बसला.

तिसरे घर झिंबाब्वेचे. येथे मात्र ओट्यावरच्या सगळ्यांना कंठ फुटला. १९८३ साली टनब्रिज वेल्सला कपिल देवने नाबाद १७५ धावा काढल्या त्या झिंबाब्वेविरुद्धच, आणि १९९९ च्या विश्वचषकात तीन धावांनी आपले तोंड कडू केले तेही झिंबाब्वेनेच. परंतु त्या देशाचा सामान्य माणूस जीव टाकतो तो फुटबॉलवर. पूर्वीचा ऱ्होडेशिया, १८ एप्रिल १९८० ला स्वतंत्र झाला. लिव्हरपूलचा नामांकित गोलरक्षक ब्रूस ग्रोबेलार याच देशाकडून खेळला आणि पीटर एन्डलोव्हूच्या नेतृत्वाखाली २००४ मध्ये हा संघ पहिल्यांदा आफ्रिकेच्या चषकात उतरला. मात्र तेव्हापासून गटाचा उंबरठा त्याला एकदाही ओलांडता आला नव्हता.

या घराची एक गोष्ट आपणही लक्षात ठेवण्याजोगी आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत फिफा या जागतिक संस्थेने झिंबाब्वेला बाहेर काढले, कारण सरकार संघटनेच्या कारभारात हात घालू लागले होते. २०२३ च्या जुलैपर्यंत ही बंदी टिकली आणि मधली एक स्पर्धा हातची गेली. नातवाने लगेच विचारले, “असं आपलं होऊ शकतं का?” होऊ शकते काय, झालेच होते! त्याच २०२२ च्या ऑगस्टमध्ये भारतीय फुटबॉल महासंघावरही बाहेरच्या हस्तक्षेपाबद्दल बंदी आली. ती अकरा-बारा दिवसांत उठली, म्हणून ऑक्टोबरात गोवा, नवी मुंबई आणि भुवनेश्वर येथे मुलींचा सतरा वर्षांखालील विश्वचषक होऊ शकला. वडीलधारी माणसे कचेरीत भांडतात आणि खेळ बुडतो तो मुलांचा.

चौथे घर दक्षिण आफ्रिकेचे. ते मी मुद्दाम शेवटी ठेवले होते, कारण त्या घराची वाट आमच्याच जिल्ह्यातून जाते. ७ जून १८९३ च्या रात्री पीटरमॅरिट्झबर्ग स्टेशनवर ज्या तरुण बॅरिस्टराला पहिल्या वर्गाच्या डब्यातून खाली उतरविले, तोच पुढे १९३६ मध्ये शेगावला येऊन राहिला आणि त्या खेड्याचे सेवाग्राम झाले. देवळीहून तासाभरात सेवाग्रामला जाता येते. डब्यातून माणसाला का उतरविले, हे वर्धा जिल्ह्यातील पोराला शिकवावे लागत नाही. पण चषकातून एका देशाला का उतरविले, हे नातवाला ठाऊक नव्हते.

ते असे घडले. १९५७ च्या फेब्रुवारीत सुदानमधील खार्टूम येथे आफ्रिकेच्या फुटबॉल संघटनेची स्थापना झाली. संस्थापक देश चार: इजिप्त, सुदान, इथिओपिया आणि दक्षिण आफ्रिका. लगेच पहिला चषक ठरला. दक्षिण आफ्रिकेची गाठ इथिओपियाशी होती. परंतु त्यांच्या कारभाऱ्यांचे म्हणणे असे की, आम्ही एकतर सगळा गोऱ्यांचा संघ पाठवू, नाहीतर सगळा काळ्यांचा. गोरे-काळे एकत्र पाठविणार नाही. उरलेल्यांनी सांगितले, मग येऊ नका! तीन देशांतच स्पर्धा झाली आणि इजिप्तने अंतिम सामन्यात इथिओपियाला चार गोलांनी हरविले. चारही गोल एकट्या अद-दिबाचे.

येथे मला पुन्हा पंगतच आठवते. माझ्या लहानपणी खेड्यांतून जातीजातीच्या पंगती निराळ्या बसत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. जमनालाल बजाजांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायणाचे मंदिर १९२८ मध्येच सर्वांना खुले केले होते. पण देवळाचे दार उघडले म्हणून घराघरांतील पंगत लगेच एक होत नसते. ज्या घरी आपल्याच लेकरांना एका रांगेत बसू देत नाहीत, त्या घरच्या माणसाला बाहेरच्या पंगतीत पान कसे मांडावे? खार्टूमच्या मंडळींनी हा प्रश्न दोन वाक्यांत सोडविला. १९७६ मध्ये फिफानेही दक्षिण आफ्रिकेला काढून टाकले. तो देश पुन्हा मैदानात आला तो १९९२ साली.

आणि मग १९९६! चषक दक्षिण आफ्रिकेतच भरला. मौज अशी की, त्या वेळीही गटात इजिप्त आणि अंगोला हेच शेजारी होते. चौथा होता कॅमेरून. ३ फेब्रुवारीला जोहान्सबर्गला ट्युनिशियाशी अंतिम सामना झाला. बदली म्हणून उतरलेल्या मार्क विल्यम्सने दोन गोल केले. गोरा कर्णधार नील टोव्ही, त्याच्या सोबतीला काळे, गोरे आणि मिश्र वंशाचे खेळाडू, आणि संघाचाच सदरा अंगात घालून चषक द्यावयास आलेले नेल्सन मंडेला! सत्तावीस वर्षे तुरुंगात काढलेल्या त्या वृद्धाच्या चेहऱ्यावरचे हसू ज्यांनी दूरचित्रवाणीवर पाहिले, ते विसरले नसतील.

२०२५ चा त्यांचा संघही काही लेचापेचा नव्हता. २०२४ च्या प्रारंभी झालेल्या चषकात तो तिसरा आला होता. त्यात केप व्हर्देविरुद्ध गोलरक्षक रोनवेन विल्यम्सने चार पेनल्ट्या अडविल्या. आणि प्रशिक्षक कोण? बेल्जियमचे ह्यूगो ब्रूस, ज्यांच्या हाताखालील कॅमेरूनने २०१७ मध्ये सालाहच्या तोंडचा घास काढला होता तेच! पंगतीत समोर येऊन बसणारा गृहस्थ मी म्हणतो तो हा.

चार घरे पाहून झाली आणि ओट्यावर चार पक्ष पडले. अडते कापसाला जागून इजिप्तकडे गेले. नातवाने झिंबाब्वे घेतला. “त्यांचं कधीच होत नाही,” हे त्याचे कारण. आमच्या सौ.ने अंगोला घेतला, हरिणासाठी. मला दक्षिण आफ्रिकेवाचून गत्यंतर नव्हते.

निकाल आता सर्वांना माहीत आहेत. दक्षिण आफ्रिकेने अंगोलाला २-१ असे हरविले. झिंबाब्वेने इजिप्तवर आधी गोल चढविला आणि घरात एकच आरडाओरडा झाला, पण अगदी शेवटी सालाहने सामना २-१ असा फिरविला. २६ डिसेंबरला सालाहच्याच पेनल्टीवर इजिप्तने दक्षिण आफ्रिकेला १-० असे हरवून ब्रूसांचे जुने देणे फेडले. झिंबाब्वे मग दक्षिण आफ्रिकेशीही ३-२ असा झुंजून हरला. इजिप्त सात गुण, दक्षिण आफ्रिका सहा. अंगोला दोन आणि झिंबाब्वे एक गुण घेऊन घरी गेले. नातू एक वेळ जेवला नाही.

पण दुसऱ्या दिवशी त्याने जे विचारले, ते मला गटाच्या तक्त्याहून मोठे वाटते. “आजोबा, १९५७ साली जी काळी पोरं चांगली खेळत होती, त्यांचं पुढं काय झालं?” मी हिशेब मांडला. तेव्हा जो अठरा वर्षांचा होता, तो १९९२ मध्ये त्रेपन्न वर्षांचा झाला. दार उघडले, पण त्याचे पाय थकले होते. असे किती सालाह, किती विल्यम्स देशाचा सदरा अंगावर न चढविताच म्हातारे झाले असतील, याचा तक्ता कोणत्याही वर्तमानपत्रात येत नाही.

म्हणून वाचकहो, पुढे कधी कोणत्याही चषकाचा गट जाहीर झाला, तर कोण जिंकेल याचा अंदाज अवश्य बांधा. त्याची गंमत काही औरच असते. परंतु त्याआधी एवढे पाहा की, त्या संघात त्या देशाच्या सगळ्या लेकरांना जागा आहे की नाही. आणि ते पाहून झाले, की आपल्या गल्लीत मुले दोन बाजू पाडून खेळत असतील, तिकडेही एक नजर टाका. कोणी काठावर उभे राहिले आहे का? राहिले असेल तर का?

आमच्या अडत्यांनी मात्र या उपदेशावर पाणी फिरविले. नकाशाची घडी घालत ते म्हणाले, “मास्तर, सगळं खरं. पण येकच सांगतो. पुढच्या वेळी सोयरीक करासाठी चार घरं नका दाखवू. चोवीस दाखवा. कापूस इकून झाला का आपल्याले येळच येळ हाय!”