मजुरांची टोळी दरवर्षी परत येते, त्याच द्राक्षबागेला फायदा. शेतकऱ्यांनी काय करावे?

नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरीच्या द्राक्ष उत्पादकांकडे वाण बहुधा तेच, औषधे तीच आणि बाजारही तोच. मग एकाच गावातल्या दोन बागांच्या मालात फरक का पडतो? याचे एक मोठे कारण म्हणजे मजूर. पेठ, सुरगाणा भागातून येणारी अनुभवी टोळी वेळेवर मिळाली, तर निम्मी काळजी मिटते.

वेळेला एवढे महत्त्व का?

एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी होते. त्यानंतरची पेस्ट लावणे, फेलफुटी काढणे, विरळणी, डिपिंग ही कामे हातानेच करावी लागतात. प्रत्येक कामाला मोजकेच दिवस मिळतात. विरळणी लांबली की घडात मणी दाटतात, फुगवण कमी होते आणि माल निर्यातीच्या आकारात बसत नाही.

रोजंदारी की उक्ते?

छाटणी एकरी उक्ती दिली तर लवकर उरकते. विरळणीत मात्र घाई महागात पडते. ती उक्ती द्यायची असल्यास पहिली ओळ मुकादमासोबत करून दाखवा. वेलीवर किती घड ठेवायचे, हे आधीच ठरवा. चूक त्याच दिवशी सांगा. हिशेबाच्या वेळी पैसे कापू नका.

पैशांचा व्यवहार कसा ठेवावा?

उचल, हजेरी आणि दर वहीत लिहा, मुकादमालाही प्रत द्या. शक्य तिथे मजुरी थेट प्रत्येकाच्या खात्यात जमा करा. समान कामाला स्त्री-पुरुषांना समान मजुरी देणे कायद्याने बंधनकारक आहे.

सुरक्षेचे काय?

छाटणीनंतर लावल्या जाणाऱ्या पेस्टमध्ये हायड्रोजन सायनामाइड असते. ते कातडीला घातक आहे. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे द्या. हे काम करण्याआधी आणि नंतर काही दिवस दारू पिणे धोक्याचे आहे, हे टोळीला स्पष्ट सांगा.

खर्च वाढणार नाही का?

खोली, पाणी, वीज आणि शौचालय यांवर खर्च होतो, हे खरे. पण नवी टोळी आली की पहिले काही दिवस शिकवण्यातच जातात. शिवाय निर्यातीसाठी लागणाऱ्या ग्लोबलगॅप प्रमाणपत्राच्या तपासणीत मजुरांची सुरक्षा आणि सोयीही पाहिल्या जातात.

टोळी गावी निघण्यापूर्वी पूर्ण हिशेब चुकता करा आणि पुढच्या छाटणीची तारीख तेव्हाच ठरवून घ्या.