फोनोग्राफच्या तुटक्या नक्षीला सरसच का?

एडिसनच्या जुन्या फोनोग्राफच्या ओकच्या पेटीवरची नक्षीची पट्टी निखळली, की हात आधी फेविकॉलकडे जातो. नव्या फर्निचरला तो उत्तमच. इथे मात्र सरस हवा. पेटी मुळात सरसानेच जोडलेली असते आणि त्या जुन्या थरावर फेविकॉल नीट धरत नाही. गरम सरस मात्र जुन्या सरसात एकजीव होतो. शिवाय ऊब आणि ओलावा दिला की तो सुटतो, म्हणजे पुढच्या कारागिराला लाकूड न फोडता आपली चूक सुधारता येते.

‘आपल्या पावसाळ्यात सरस टिकेल का?’ हा आक्षेप खोटा नाही. पण सुटलेला सांधा पुन्हा जोडता येतो. सांधा सुटायलाच तयार नसला तर ताणाने शेजारचं लाकूड चिरतं. सरस थेट आचेवर नको, गरम पाण्यात भांडं ठेवून साधारण ६० अंश सेल्सिअसवर पातळ करावा. उकळला की त्याची ताकद जाते. हरवलेला तुकडा ओकचाच, रेषा जुळवून कोरावा. आणि हो, अख्खी पेटी पॉलिश पेपरने घासायचा मोह आवरा! चपडीचं जुनं पॉलिश आणि त्यावरचं ‘एडिसन’ हे नाव, दोन्ही एका दुपारीत जातात. काही अडलं तर खाली विचारा.